पोटातल्या लेकराला दारू कोण पाजतो?

2025 सालच्या 7 सप्टेंबरच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण लागले. त्या रात्री आमच्या कुडव्यात आणि आसपासच्या गावांत ज्या घरी सून दोन जीवांची होती, त्यांपैकी पुष्कळ घरी तिचे काय हाल करण्यात आले हे वाचकांस सांगावयास नको. सुरी धरू नको, सुईदोरा हाती घेऊ नको, घोटभर पाणी पिऊ नको, कुशीवर वळू नको, अशा आज्ञांनी त्या बिचारीला चार-पाच तास खाटेवर लाकडासारखे पाडून ठेवले. कारण काय, तर तिने भाजी चिरली तर पोराचा ओठ चिरलेला निघेल! पृथ्वीची सावली पावणेचार लाख किलोमीटरवरच्या चंद्रावर पडते, तिचा कुडव्यातल्या भोपळ्याशी आणि भोपळा चिरणारीच्या गर्भाशी काय संबंध, असे विचारण्याचे धाडस घरात कोणी करीत नाही. शिकलेसवरलेलेही करीत नाहीत, हे आम्ही शरमेने लिहितो.

आता दुसरे चित्र पाहा. घरे तीच, माणसे तीच. रोवणीच्या दिवसांत हीच सून सकाळपासून बांधीतल्या चिखलात वाकलेली असते. वरून पाऊस आणि खालून पाणी. सांजेला ती ठेचाळत घरी येते, तेव्हा सासू किंवा नवरा मायेने म्हणतो, ‘‘घे थोडीशी, आंग मोकळा होईल.’’ मोहाची अर्धी वाटी तिच्या हाती येते. बाळंतीण झाल्यावर तिला ऊब यावी म्हणून चमच्याने ब्रँडी येते. तान्ह्याला सर्दी झाली तर त्याच ब्रँडीचे बोट त्याच्या जिभेला लागते. या वेळी मात्र पंचांग कोणी काढीत नाही, आणि पोराला काही होईल ही शंका कोणाच्या मनालाही शिवत नाही.

आमचे म्हणणे इतकेच आहे की, ज्या ओठाची काळजी तुम्ही ग्रहणाच्या रात्री करता, त्या ओठावर खरोखर खूण उमटविणारी वस्तू आकाशात नसून त्या वाटीत आहे. हे आम्ही अलंकाराने लिहीत नाही. गर्भारपणी आईच्या पोटात पुष्कळ दारू गेली, तर काही मुलांचा वरचा ओठ पातळ निघतो, नाक आणि ओठ यांमधली पन्हळ सपाट होते, डोळ्यांच्या फटी आखूड राहतात, डोके लहान राहते, वजन आणि उंची कमी भरते. 1968 साली फ्रान्स देशातील नांत शहरी लेमोआन नावाच्या डॉक्टराने अशी 127 मुले तपासून त्यांची हकीकत छापली. पाच वर्षांनी, 1973 साली, अमेरिकेतील सिॲटल येथे जोन्स व स्मिथ या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे हेच पाहिले आणि या विकाराला नाव दिले. पुढच्या अर्ध्या शतकात देशोदेशी हीच गोष्ट पुनःपुन्हा आढळली. आज जागतिक आरोग्य संघटनेपासून आमच्या जिल्ह्यातील स्त्री रुग्णालयाच्या डॉक्टरांपर्यंत सर्वांचे सांगणे एकच आहे: गर्भारपणी दारूचा निर्धास्त असा कोणताही माप नाही. वाटी नाही आणि चमचाही नाही.

हे घडते कसे, ते समजून घेणे अवघड नाही. आईच्या उदरात लेकराचे अन्न ‘वारे’तून येते. ही वार चाळणीसारखी आहे. पुष्कळ घातक वस्तू ती अडविते. परंतु दारूतला मद्यार्क इतका बारीक की, पाणी जसे फडक्यातून गळते तसा तो पलीकडे उतरतो. थोड्याच वेळात लेकराच्या रक्तात जवळजवळ आईच्या रक्ताइतकाच मद्यार्क होतो. आईचे यकृत मोठे, कमावलेले. ते काही तासांत त्याचा निकाल लावते. लेकराचे यकृत अजून घडतच असते, त्याला हे काम जमत नाही. शिवाय ज्या गर्भजलात ते तरंगते त्यात मद्यार्क उतरतो, लेकरू तेच पाणी गिळते, आणि आईची धुंदी उतरली तरी लेकराची उतरत नाही. आईने एक वाटी घेतली म्हणजे दोघांनी घेतली, आणि त्यातला एक जण अजून वीतभरही झालेला नाही.

यात नेमके बिघडते काय, तर मेंदू. हात, पाय, हृदय ही पहिल्या तीन महिन्यांत घडतात. पण मेंदूचे बांधकाम तिसऱ्या आठवड्यापासून बाळंत होईपर्यंत, नव्हे त्यानंतरही, चालूच असते. म्हणून पहिले तीन महिने गेले, आता हरकत नाही, हे बोलणे खोटे आहे. आणि सातवा लागला, आता सोडते, हेही उशिराचे आहे. तरी सोडील त्या दिवसापासून लाभ आहेच. याशिवाय गर्भपात, पोटात मूल दगावणे, अपुऱ्या दिवसांचे आणि कमी वजनाचे मूल, हे दारूचे इतर नजराणे आहेत. त्यांची माहिती आमच्या सुइणींना पुस्तकाशिवायही असते.

आता आम्ही शाळामास्तराच्या नात्याने दोन शब्द लिहितो. ज्या मुलांच्या चेहऱ्यावर ही खूण दिसते ती थोडी. बहुतेकांचा चेहरा चारचौघांसारखाच असतो. बिघाड आत असतो आणि तो तिसरी-चौथीच्या वर्गात उघडा पडतो. काल पाठ केलेला पाढा आज कोरा. दोन गोष्टी एकदम सांगितल्या की दुसरी हरवली. हिशेबात पैसे मोजता येत नाहीत. जागेवर दोन पळे बसवत नाही. चूक केली, शिक्षा झाली, तरी उद्या तीच चूक. सुमारे वीस वर्षांपूर्वी असा एक मुलगा आमच्या वर्गात होता. स्वभावाने गोड, कोणाचेही काम धावत करणारा, पण साताचा पाढा म्हणता म्हणता वाट चुकायचा. आम्ही त्याला मठ्ठ म्हटले आणि छडीही मारली. पुढे एकदा त्याची आई शाळेत आली आणि बोलता बोलता सहज सांगून गेली, की हा पोटात होता तेव्हा घरी भट्टी होती, चव पाहण्याचे काम तिचेच होते. त्या मुलाचे असे का झाले हे आम्ही खात्रीने सांगू शकत नाही. ते तपासून पाहणारा त्या काळी जवळपास कोणी नव्हता. पण ज्या गोष्टीसाठी आम्ही त्याला मारले ती त्याच्या हातची नव्हती, एवढे आज कळते, आणि ते कळण्यास फार उशीर झाला.

येथे एका गैरसमजाला जागा राहू नये. वर्गात मागे पडणारे प्रत्येक पोर दारूचे नव्हे. कोणाला नीट ऐकू येत नाही, कोणाचे डोळे अधू, कोणी उपाशी येतो, कोणाची आई गर्भारपणी रक्ताच्या कमतरतेने पांढरीफटक होती. तेव्हा हा लेख वाचून कोणी शेजारणीच्या पोराकडे बोट दाखवील तर त्याने हा लेख उलटा वाचला असे आम्ही समजू. आणि ज्यांच्या घरी असे पोर खरोखर आहे त्यांनी कपाळाला हात लावून बसू नये. झालेली इजा औषधाने भरून येत नाही हे खरे. पण लवकर ओळख पटली, एका वेळी एकच गोष्ट सांगितली, दिवसाचा क्रम ठरलेला ठेवला, मारझोड टाळली, तर ही मुले पुष्कळ शिकतात, कामधंद्याला लागतात.

आमच्या चळवळीच्या पत्रात ही गोष्ट लिहिण्याचे कारण हेच आहे. शेतकरी, तेली, कोष्टी, ढिवर, गोंड यांच्या पोरांना विद्या येत नाही, त्यांच्या जातीतच डोके नाही, ही शिवी आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली. ती खोटी आहे हे सिद्ध करण्यासाठी जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी अंगावर शेणगोळे झेलले. आणि आज जर आमच्याच घरच्या वाटीने पोराची स्मरणशक्ती जन्माआधीच बोथट होत असेल, तर त्या शिवीला आम्हीच पुरावा पुरवीत आहोत! पोर नापास झाले की आई म्हणते नशीब, भगत म्हणतो बाहेरचे, गुरुजी म्हणतो मठ्ठ, आणि गावचा शहाणा म्हणतो जातच तशी. वाटीचे नाव चौघांपैकी एकही घेत नाही.

पारावर यावर काय बोलले जाते ते आम्हांस ठाऊक आहे. अमकीने नऊ महिने घेतली आणि तिचा मुलगा आज शिपाई भरतीत लागला! लागला असेल. प्रत्येक पिणारीच्या लेकराला इजा होतेच असे कोणीही डॉक्टर म्हणत नाही. किती घेतली, कोणत्या महिन्यात, रोज की एकदम, अंगात रक्त किती, पोटात अन्न किती, यावर ते अवलंबून आहे, आणि कोणाचे लेकरू वाचेल हे आधी सांगणारे यंत्र निघालेले नाही. पुराच्या दिवसांत नाल्यावरच्या पाण्यातून गाडी घालून एक जण पार झाला, म्हणून आपण आपल्या बायकापोरांना गाडीत घालून त्याच पाण्यात शिरतो काय?

दुसरे कोणी म्हणतात, विलायती वाईट असेल, आमची मोहाची शुद्ध आहे, जंगलाची आहे. मोहाच्या झाडाशी आमचे भांडण नाही. त्याचे फूल वाळवून, भाजून, शिजवून आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले गेले. ते गरिबाचे अन्न आहे. पण फूल खाणे निराळे आणि ते सडवून भट्टीवर चढविणे निराळे. मोह, सिंदी, देशी, बीअर, द्राक्षाची वाइन, ब्रँडी, बाटलीवरचे नाव काहीही असो, आतला मद्यार्क एकच आहे. हातभट्टीच्या दारूत तर तो किती हे भट्टीवाल्यालाही ठाऊक नसते. आसव-अरिष्टांच्या बाटल्यांतही आंबण्याने तयार झालेला मद्यार्क असतो, तो शेकडा 5 ते 10 पर्यंत भरतो आणि बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. म्हणून गर्भारपणी आणि अंगावर पाजताना असले कोणतेही औषध डॉक्टरास दाखविल्यावाचून घेऊ नये. आईने घेतलेली दारू दुधातही उतरते. ब्रँडीने ऊब येते ती भासमान आहे; कातडीकडे रक्त धावते म्हणून गरम वाटते, शरीराची खरी ऊब उलट बाहेर जाते. बाळंतिणीला ऊब हवी असेल तर गरम पेज, कोरडी खोली आणि घोंगडी द्या.

राहता राहिली देवाची गोष्ट. आमच्या गोंड बांधवांच्या पूजेत मोहाची धार वाहण्याची रीत आहे. त्या रीतीला नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. भूमीवर वाहिलेले चार थेंब कोणाच्या गर्भाला पोचत नाहीत. देवाचा वाटा देवाला जावा; उरलेला भरला पेला गर्भार बाईच्या हाती द्यावा असे कोणत्या पेनाने सांगितले आहे?

पण या सर्वांहून खरी अडचण एका बाईने आम्हांस सांगितली, आणि तिच्यापुढे आम्ही काही वेळ निरुत्तर झालो. ती म्हणाली, ‘‘गुरुजी, दिवसभर चिखलात उभं राहा लागते जी. रातच्याला थोडीशी घेतली त झोप लागते. नाही घेतली त कंबर रातभर ठणकते. मंग का करू सांगा.’’ तिला उपदेशाची गरज नव्हती. तिला दोन दिवस विसावा, पोटभर वरणभात आणि दुखण्यावर निर्धोक औषध हवे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील दारू घेणाऱ्या स्त्रिया शंभरात एकसुद्धा भरल्या नाहीत, पुरुष मात्र शंभरात सुमारे चौदा भरले. स्त्रियांचा आकडा लहान आहे खरा, पण दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाला घरातले सारेच खरे सांगितले जाते असे आम्ही मानीत नाही. आणि तो आकडा खरा धरला तरी तो राज्याचा आहे. जेथे घरोघरी मोह आहे आणि चिखलात राबणाऱ्या बाया आहेत तेथे तो लावून समाधान मानता येत नाही. ज्या घरी नवरा रोज आणतो, त्या घरी बायकोच्या हाती वाटी येण्यास कितीसा वेळ लागतो?

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांताची हकीकत आमच्या वाचकांनी ऐकण्यासारखी आहे. तेथे द्राक्षांचे मोठमोठे मळे. मळे गोऱ्यांचे, राबणारे काळे आणि मिश्र वंशाचे. मालक मजुरीचा काही भाग पैशांऐवजी हलक्या दारूत देत. या रीतीला ‘डॉप’ म्हणत. कित्येक पिढ्या हे चालले. पुढे ही रीत कायद्याने बंद झाली, पण पिण्याची सवय मागे राहिली; आणि आज गर्भातच दारूने इजा झालेल्या मुलांचे जगात सर्वांत मोठे प्रमाण ज्या थोड्या भागांत नोंदले गेले आहे, त्यांत त्या मळ्यांचा मुलूख येतो. मालकाने मजुरी वाचविली आणि मजुराच्या नातवाने पाढा गमावला. आमच्याकडे काम उरकल्यावर मजुरांना ‘खुशी’ म्हणून पाजण्याची रीत कोठे कोठे अजून आहे. असे पाजणाऱ्या बागाईतदारांनी, ठेकेदारांनी, आणि आमच्यातल्याच दहा एकरवाल्यांनी, ही हकीकत वाचावी. खुशीच द्यायची असेल तर रोकड द्यावी, आणि तीही बाईच्या हातात.

जोतीरावांना हे सारे आजच्या शास्त्राच्या भाषेत ठाऊक नव्हते. तरी ज्यांनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढून टाकून दिलेल्या गर्भार विधवांना आणि त्यांच्या पोटातल्या लेकरांना आसरा दिला, त्याच जोतीरावांनी पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद असता 1880 साली वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. आम्हांस या दोन गोष्टी निरनिराळ्या वाटत नाहीत. त्या काळी सरकार परके होते आणि आबकारीचा पैसा त्याला गोड लागत असे. आज सरकार आमचे आहे. घटनेच्या 47 व्या कलमात मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने झटावे असे लिहिलेले आहे. 1949 सालचा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्राच्या पुस्तकात अजून कायम आहे. आणि पैसा पूर्वीइतकाच गोड लागतो. शेजारच्या गडचिरोलीत लोकांनी वर्षानुवर्षे झगडून 1993 साली बंदी मिळविली. चंद्रपुरात ती 2015 साली आली आणि 2021 साली उठली. बंदी असली तरी चोरून विकतातच, हा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. चोऱ्या होतात म्हणून कोणी घराचे दार काढून ठेवीत नाही. तथापि गोंदियात बंदी येवो न येवो, ज्या बाईला आज तिसरा महिना आहे तिचे लेकरू सरकारच्या ठरावाची वाट पाहणार नाही.

परवान्याच्या दुकानाविरुद्ध एक हत्यार आमच्या बायकांच्या हाती आहे, ते येथे सांगून ठेवतो. 2008 सालच्या सरकारी आदेशाप्रमाणे गाव असो की शहरातला वॉर्ड, स्त्री मतदारांपैकी चौथा हिस्सा बायकांनी अर्ज केला तर गुप्त मतदान घ्यावे लागते, आणि एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद करावे लागते. यात गैरहजर राहणारी बाई दुकानाच्याच बाजूने मोजली जाते, हे ध्यानात ठेवावे; त्या दिवशी रोवणी असली तरी अर्धा दिवस खाडा करावा. हातभट्टीला मात्र परवानाच नसतो. तिचा बंदोबस्त पोलिसांचा आणि गावाच्या धाकाचा आहे.

घरातला बंदोबस्त नवऱ्याचा आहे. बायकोला दिवस गेल्याचे कळताच त्याने स्वतः नऊ महिने बाटली घरी आणू नये. बायकोला सोड म्हणायचे आणि आपण तिच्यासमोर बसून प्यायचे, यासारखा दुसरा निर्लज्जपणा नाही. शिवाय पिऊन येणारा नवरा गर्भार बायकोवर हात टाकतो, तीही दारूनेच लेकराला केलेली इजा आहे. रोजच्या बाटलीच्या पैशांत तिच्यासाठी डाळ, अंडी, गूळ, शेंगदाणे येतात, हा हिशेब कोणासही करता येईल.

आता ज्या बाईने दिवस गेल्याचे ठाऊक नसता घेतली, तिला आमचे सांगणे असे: माय, घाबरून जाऊ नको, मूल पाडण्याच्या विचाराला लागू नको. आजपासून थांब आणि आशाताईला किंवा नर्सबाईला खरे ते सांग. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदव, माता-बाल कार्ड घे, रक्ताच्या गोळ्या चुकवू नको. पहिल्या खेपेला मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात. ते नवऱ्याच्या हाती पडू देऊ नको. आशाताईंनाही विनंती की, विचारताना ‘‘दारू पिता काय?’’ असे दरडावून विचारू नये. अशा प्रश्नाला एकच उत्तर येते. रोवणीच्या दिवसांत आंग दुखल्यावर घरी काय घेता, बाळंतपणी सासूबाई काय देतात, असे बसून विचारले तर बाई बोलते.

आणि जिला रोज भरपूर घेण्याची सवय जडली आहे, सकाळी घेतल्यावाचून हात कापतात, तिने मात्र घरच्या घरी एका दिवसात सोडू नये. अशा सोडण्याने आकडी येते, आणि ती आई व लेकरू दोघांच्या जिवावर बेतू शकते. तिला गोंदियास बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे, डॉक्टरास सारे उघड सांगावे, आणि डॉक्टर सांगतील त्या क्रमाने सोडवावी. नवऱ्याने बरोबर जावे. बैल आजारी पडला तर आपण अर्ध्या रात्री गाडी जुंपतो, तेव्हा कोणी लाजत नाही.